दोन एकरांत टिकाऊ शेती सुरू करताना: पहिल्या वर्षाचा कामाचा क्रम

नोकरी सांभाळून किंवा सोडून गावच्या जमिनीकडे वळणारे बरेच जण पहिला प्रश्न विचारतात, "कोणतं पीक घेऊ?" हा प्रश्न चौथा किंवा पाचवा असायला हवा. त्याआधी पाणी किती, माती किती खोल, वाट कुठून, आणि घरातली किती माणसं खरोखर शेतात उभी राहणार, हे कळलं पाहिजे. पीक या उत्तरांतून ठरतं. उलट क्रमाने गेलं की पाण्यासाठी बोअर, बोअरसाठी कर्ज आणि कर्जासाठी पुन्हा पाणीखाऊ पीक, असा फेरा सुरू होतो.

हा लेख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यासाठी आहे. पारनेर, नगरकडचं कर्जत, पुरंदरचा पूर्व भाग, बारामतीची जिरायती गावं, माण, खटाव, आटपाडी, सांगोला, असा हा भाग. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कोकणात किंवा पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात पिकं आणि वेळा वेगळ्या, पण कामाचा क्रम बराचसा हाच.

उन्हाळ्यात सुरुवात करा, आणि आधी कागद

जमीन बघायला एप्रिल-मेमध्ये जा. श्रावणात प्रत्येक शिवार हिरवं आणि प्रत्येक विहीर भरलेली दिसते.

वडिलोपार्जित जमीन असली तरी सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढून वाचा. सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा तिथे दिसतो. सामाईक विहिरीत तुमचा हिस्सा चार आणे असेल तर तुमचं पाणी चार आण्यांचंच आहे, हे आजच समजून घ्या. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती गुंठे आहे तेही बघा. दोन एकर लिहिलेल्या जमिनीत लागवडीखाली दीडच एकर असू शकतं. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेणारा आधीपासून शेतकरी असावा लागतो, तेव्हा नव्याने घेणाऱ्यांनी इसार देण्यापूर्वी वकिलाला कागद दाखवावेत.

वाट प्रत्यक्ष चालून बघा. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर कोणाच्या बांधावरून येतो, पेरणी झाल्यावरही येऊ देतात का, हे शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून बोला. वाट अडली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण तो मार्ग लांबचा आहे आणि शेजार कायमचा. विहिरीची मोटर, जनावरांची राखण, रात्रीची वीज, साप निघाला तर धावून येणं, सगळं शेजाऱ्यांवर चालतं. पहिल्या वर्षी त्यांच्याकडून सल्ला मागा, सल्ला देऊ नका.

पाण्याचा हिशेब लिटरमध्ये करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे ५०० मिलिमीटर पावसात एका एकरावर सुमारे २० लाख लिटर आणि दोन एकरांवर ४० लाख लिटर पाणी पडतं. यातलं बरंचसं वाहून जातं, बरंचसं उन्हाने उडतं.

आता विहीर. २० फूट व्यासाच्या गोल विहिरीत १ फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. पाण्याची उंची ३० फूट असेल तर पावणेतीन लाख लिटरच्या आत. एका एकराला पाटाने दोन इंच पाणी द्यायला साधारण २ लाख लिटर लागतात, तीन इंच दिलं तर ३ लाख. म्हणजे तुडुंब दिसणारी ही विहीर एका एकराची एकच पाळी भागवते. बाकी सगळं झऱ्यांवर. म्हणून फेब्रुवारीत आणि पुन्हा मेमध्ये विहीर संध्याकाळी उपसा, दोराला गाठ मारून पातळी मोजा, सकाळी पुन्हा मोजा. रात्रीत ४ फूट चढलं तर साधारण ३५ हजार लिटर मिळाले. रोज उपसायला तुमच्याकडे तेवढंच पाणी आहे.

याच्यासमोर पिकाची गरज ठेवा. उसाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, एकरी ८० लाख लिटर. तुमच्या दोन्ही एकरांवर वर्षभर पडणारा सगळा पाऊस थेंब न सांडता साठवला तरी एक एकर उसाची निम्मीच गरज भागेल. हरभऱ्याचं काम मात्र २५० मिलिमीटरच्या आसपास होतं, आणि त्यातला मोठा वाटा जमिनीतली ओलच देते.

हे गणित एकेकट्याने करण्यापेक्षा गावाने केलं तर काय होतं, हे बघायला नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला जाऊन या. तिथे पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून रब्बीची पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला आणि ऊस-केळीसारख्या पिकांना गावाने स्वतःच बंदी घातली. त्याआधी, १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही हक्क, आणि उसाला पाणी नाही, असे तिचे नियम. दुष्काळी भागात लहान शेती टिकवण्याचा इतका नेमका विचार मला दुसरीकडे दिसलेला नाही.

बोअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिली तीन वर्षं तो विषय काढू नका. आधी पाऊस शेतात मुरवा. उताराला आडवी नांगरट आणि आडवी पेरणी, बांध फुटलेले असतील तिथे जादा पाणी जायला दगडाची सांड, आणि रब्बीच्या रानात पावसाळ्यापूर्वी लहान-लहान सपाट वाफे, ज्यात पाणी जागच्या जागी थांबतं. ही कामं कुदळ-फावड्याने आणि बैलाच्या औताने होतात.

माती: खड्डा आणि नमुना

शेतात तीन-चार ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. फूटभरात मुरूम लागला तर ते हलकं रान. तिथे बाजरी, मटकी, हुलगा. दोन फुटांहून खोल काळी माती असेल तर ती ओल धरून ठेवते. रब्बी ज्वारी आणि हरभरा तिथलेच. एकाच शेतात दोन्ही प्रकार सापडतात, तेव्हा सगळ्या शेताला एकच पीक लावायचा हट्ट नको.

तपासणीचा नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी घ्यायचा. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा, वीतभर खोल खड्डा करा, त्याच्या बाजूची माती खरवडा, सगळी गोणपाटावर एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत. झाडाखाली, विहिरीजवळ, बांधाला, उकिरड्याच्या जागी नमुना घेऊ नका. तो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या.

अहवालात आधी दोन आकडे बघा. सामू (पीएच) ६.५ ते ७.५ असेल तर उत्तम, ८.५च्या पुढे गेला तर जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट, होत चालली आहे. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल, आणि आपल्या भागात तो बहुधा असतोच, तर पुढची सगळी वर्षं तुमचं मुख्य काम तो वाढवण्याचं आहे. तो एका हंगामात वाढत नाही. काडीकचरा पेटवणं आजपासून बंद, हा पहिला नियम.

खत घरचं

दोन एकरांत दोन जनावरांच्या शेणावर सगळं भागत नाही. एक देशी गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते. त्यामुळे काडीकचऱ्याला कामाला लावणारी पद्धत हवी. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना शेतकरी नाडेपकाका म्हणत, त्यांनी ती करून ठेवली आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असा विटांचा हौद बांधायचा, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवायची. आत काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थर देत हौदाच्या वरपर्यंत रास न्यायची आणि शेणमातीने लिंपून टाकायची. एका हौदाला ९० ते १०० किलोच शेण लागतं, काडीकचरा मात्र १,४०० किलोच्या वर. ओल टिकवली आणि लिंपणाच्या भेगा बुजवत राहिलात तर तीन-चार महिन्यांत खत तयार. दिवाळीनंतर एक हौद भरला की तो उन्हाळ्याच्या तोंडाशी मोकळा होतो, मग दुसरा भरायचा.

शेजाऱ्याकडून ट्रॉलीने शेणखत घेतलं तर ते पूर्ण कुजलेलं असल्याची खात्री करा. हाताला गरम लागतं, शेणाचा वास येतो, ते शेतात टाकू नका. कच्च्या खतातून मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी दोन्ही येतात.

जीवामृताबद्दल खूप विचारलं जातं. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळायचं, दोन दिवसांनी एका एकराला पाण्यातून द्यायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. करा, स्वस्त आहे. पण मातीत खायला काडीकचराच नसेल तर नुसत्या जीवामृताने कर्ब वाढत नाही. आधी आच्छादन आणि कंपोस्ट, मग जीवामृत.

बांधावर गिरिपुष्पाची खोडं पावसाच्या सुरुवातीला लावा. दुसऱ्या वर्षापासून छाटून पाला वाफ्यात घालता येतो, नत्राने भरलेला असतो. आणि ज्या तुकड्यात खरीप घ्यायचं नाही तिथे पहिल्या पावसावर ताग पेरा, एकरी २०-२५ किलो. ४५ ते ५० दिवसांनी, फुलावर येता-येता गाडून टाका. फूल पक्व होईपर्यंत थांबलात तर खोड लाकडासारखं होतं, कुजत नाही.

आधीपासून रासायनिक खतांवर असलेली जमीन एका झटक्यात त्यावरून उतरवू नका. पहिल्या वर्षी १० गुंठ्यांत पूर्ण बंद, बाकी रानात मात्रा कमी. उत्पन्न कोसळलं की माणसाचा धीर सुटतो, आणि मग चांगली पद्धतही बदनाम होते.

आता पीक: ८० गुंठ्यांची वाटणी

दोन एकर म्हणजे ८० गुंठे. मी सुचवतो ती वाटणी अशी: विहिरीजवळचे १० गुंठे भाजीपाल्याला ठिबकवर, त्याच्या पलीकडे १० गुंठे सीताफळ, ५ बाय ५ मीटरवर ४० झाडं, खोल मातीचे ४० गुंठे मूग आणि त्यावर रब्बी ज्वारी, उरलेल्या २० गुंठ्यांत एका वर्षी बाजरी-तूर, दुसऱ्या वर्षी ताग गाडून हरभरा. बांधावर शेवगा, कडुनिंब, बोर, करवंद. आपली माती यापेक्षा वेगळी असेल तर वाटणी बदला, पण धान्य, कडधान्य, भाजी आणि झाड हे चारही ठेवा. एक बुडालं तरी तीन हाताशी राहतात.

पेरणीची घाई पहिल्या वर्षी सगळ्यांना होते. मृगाचा पहिला शिडकावा झाला की शेजारी पाभर बाहेर काढतो आणि आपले हातही शिवशिवतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वाफसा आल्याशिवाय पेरू नका. वाफसा ओळखायला वीतभर खालची माती मुठीत दाबा: गोळा व्हायला हवा, आणि खाली टाकल्यावर फुटायला हवा. चिकटून राहिला तर थांबा. दुबार पेरणीचं बियाणं आणि मजुरी लहान शेतकऱ्याचं वर्ष खाऊन टाकते.

मूग एकरी ६-७ किलो लागतो आणि ६०-६५ दिवसांत रान मोकळं करतो. बियाण्याला पेरणीपूर्वी रायझोबियम, म्हणजे हवेतलं नत्र पिकाला देणारं जिवाणू खत, चोळा, १० किलोला २५० ग्रॅमचं पाकीट, आणि सावलीत सुकवा. शेंगा तोडून वेल रानातच मिसळायचे. मग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे उत्तरा-हस्त नक्षत्रांत, ज्वारी. मालदांडी ३५-१ हा मोहोळचा जुना वाण भाकरीला आणि कडब्याला अजूनही मान राखून आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार फुले वसुधा, फुले सुचित्रा असे वाण दिले आहेत. एकरी ४ किलो बी, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर.

ज्वारीला पाणी नसेल तर कोळपं, म्हणजे ओळींमधली माती हलवणारं औत, असतं. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासाच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्याने. काळ्या मातीला भेगा पडायला लागल्या की त्यातून ओल उडून जाते. कोळपणीची भुसभुशीत माती त्या बुजवते. जुनी माणसं एका कोळपणीला अर्ध्या पाण्याची बरोबरी देतात आणि ते खरं आहे. या तीन कोळपण्या चुकवून विहीर उपसत बसणं म्हणजे पाणी वाया घालवणं.

भाजीच्या १० गुंठ्यांत पहिल्या वर्षी फक्त पालेभाज्या, गवार, भेंडी, चवळी, घेवडा. टोमॅटो, ढोबळी मिरची, फ्लॉवर दोन वर्षांनी. त्यांना औषध, आधार आणि बाजार तिन्ही जास्त लागतं. एकदम सगळं न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे वाफे पेरा, म्हणजे माल एकाच आठवड्यात अंगावर येत नाही. ठिबक घेणार असाल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अनुदानासाठी अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत दुकानात पैसे देऊ नका. आधी खरेदी केली की अनुदान जातं.

कीड आली तर

रोज सकाळी शेतातून एक फेरी मारा, पानं उलटून बघा. निम्मं काम तिथेच होतं. हरभऱ्यात पेरतानाच ज्वारीचे थोडे दाणे मिसळा, ताटं उभी राहिली की पक्षी त्यावर बसतात आणि घाटेअळी वेचतात. सोबत नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावा. निंबोळी अर्क घरी करा: ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून १०० लिटर करा, थोडं साबणाचं पाणी मिसळा, संध्याकाळी फवारा. निंबोळ्या जून-जुलैत वेचून ठेवाव्या लागतात, नंतर आठवण होऊन उपयोग नाही. हुमणीसाठी वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे फांद्या हलवून गोळा करा, पण हे आजूबाजूच्या दहा-बारा शेतांनी मिळून केलं तरच फायदा.

जनावरं कधी?

कोंबड्या पहिल्या वर्षी, शेळ्या दुसऱ्या, गाय तिसऱ्या. दहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा घरच्या दाण्यावर निभतात; मुंगसापासून रात्री बंद खुराडं आणि मानमोडीची लस एवढं बघा. शेळी उस्मानाबादी किंवा संगमनेरी, दोन माद्यांपासून. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची आणि पशुवैद्य सांगेल तेव्हा पीपीआरची लस टोचून घ्या. गाय घ्यायची तर पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला घरातलं एक माणूस तीनशे पासष्ट दिवस हजर लागतं. ते नक्की नसेल तर शेण विकत घेणं स्वस्त.

पैसा आणि वही

दोन जिरायती एकरांवर पहिल्या दोन वर्षांत पगाराएवढं उत्पन्न येईल असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. या काळात घरात दुसरं उत्पन्न हवं. शेतीची पहिली मिळकत बचतीत दिसते: घरची ज्वारी, डाळ, भाजी, अंडी आणि विकत न आणलेलं खत.

एक वही घाला. रोजची मजुरी, डिझेल, बी, औषध, आणि घरच्यांच्या कामाचे दिवसही लिहा. आईने आणि बायकोने केलेली खुरपणी फुकट धरली तर प्रत्येक पीक फायद्यात दिसतं. बादलीएवढ्या साध्या पर्जन्यमापकाने पाऊसही मोजून तिथेच लिहा. मजुरीचा भार हलका करायला गावात सावड अजून चालत असेल तर त्यात शिरा. आज तुम्ही त्यांच्या काढणीला, परवा ते तुमच्या.

भाजी विकायला आधी आठवडी बाजारात स्वतः बसा. चार बाजार केले की कोणती जुडी उचलली जाते आणि कोणती उरते हे कळतं. त्यानंतर शहरातली वीस-पंचवीस घरं जोडता आली तर बघा. 'सेंद्रिय' म्हणून विकायचं असेल तर आसपासच्या शेतकऱ्यांचा गट करून पीजीएस पद्धतीने प्रमाणपत्र घेता येतं. गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात, त्यामुळे लहान शेतकऱ्याला ते परवडतं.

बियाणं

शेवटचं काम काढणीआधीच सुरू होतं. मूग, हरभरा आणि ज्वारीचा सरळ वाण असेल तर बी घरचं ठेवा. संकरित वाणाचं ठेवू नका, पुढच्या पिढीत ते एकसारखं येत नाही. मूग आणि हरभरा स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळे नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बँक अशाच घरगुती निवडीतून उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. पीक उभं असताना शेताच्या मधल्या भागातली निरोगी, भरलेली ताटं निवडून त्यांना चिंधी बांधा, ती वेगळी कापा, वेगळी मळा. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत उन्हात वाळवा, थंड होऊ द्या, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि चाळलेली राख मिसळून मडक्यात किंवा कोठीत भरा आणि तोंड लिंपा.

पुढच्या मे महिन्यात त्यातले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. चार-पाच दिवसांनी उघडून कोंब मोजा. ऐंशीच्या वर असतील तर ठरल्या मापाने पेरा, सत्तरच्या आसपास असतील तर एकरी बी थोडं वाढवा, आणि पन्नासच्या खाली गेले तर ते घरात खायला घेऊन शेजाऱ्याकडून चांगलं बी मागून आणा.